‘येताना बघू’ म्हणत आपण बंदरं विसरलो

मागच्या डिसेंबरात आम्ही घरचे आठ जण, दोन गाड्या घेऊन, एका दिवसासाठी दाभोळला गेलो. आता लिहायला बसल्यावर वाटतं, दाभोळला गेलो म्हणणं चूक आहे. आम्ही दाभोळवरून गेलो.

निघालो चिपळूणहून. धोपाव्याला फेरीबोटीची रांग लागली होती. गाड्या चढवल्या, वशिष्ठी ओलांडली, दहा मिनिटांत पलीकडे उतरलो. उतरल्या उतरल्या समोर नारळी-पोफळींतून एक काळा, भला मोठा घुमट डोकावत होता. मी म्हटलं, “काका, थांबूया ना इथे.” काका गाडी चालवत होता. “येताना बघू गं. आधी देवीचं दर्शन, मग बीच, मग जेवण. थाळी संपते दोनला.” माझ्या चुलतभावाने धावत्या गाडीतूनच घुमटाचा चार सेकंदांचा व्हिडिओ काढला. त्याच्या रीलमध्ये तो ‘अनएक्सप्लोअर्ड कोकण’ या शब्दांखाली आला.

या ‘अनएक्सप्लोअर्ड’ शब्दाशी माझं पहिलं भांडण आहे. ज्या बंदराचं नाव पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियातल्या व्यापाऱ्याला माहीत होतं, ते आपल्याला ‘अनएक्सप्लोअर्ड’ वाटतं, तर अडाणी कोण? अफानासी निकितिन हा त्वेर शहरातला व्यापारी. वास्को द गामा यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी तो चौलला उतरला, बहमनी राज्यात फिरला आणि 1472 च्या सुमारास परतीचं जहाज त्याने दाभोळहून पकडलं. हे मोठं बंदर आहे, इथे अरबस्तानातून, खोरासानातून घोडे येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. आम्ही त्याच बंदरातून सुरमई थाळीच्या दिशेने निघालो होतो.

दर्शन झालं. चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे, आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. खरंच सुंदर जागा. मग बीच झाला, थाळी झाली, सोलकढीचा दुसरा ग्लास झाला. उन्हं कलायला लागल्यावर परत दाभोळच्या जेट्टीवर आलो. फेरीला गाड्यांची लांब रांग. आणि तेवढ्यात लक्षात आलं की आजी गाडीत नाही.

ती सापडली मशिदीच्या आवाराच्या पायरीवर. चपला काढून, पदर सावरून बसली होती. तिच्याकडे आधी मी पोहोचले. मला म्हणाली, “बाय, हितंच बसलो होतो आमी. बोट उशिरा आली त्या दिवशी.”

आजीचं वय आज ऐंशीच्या वर. नऊ वर्षांची असताना तिला तिच्या आईने मुंबईला नेलं, कारण वडील गिरणीत होते. खाडीकाठच्या गावातून लाँचने दाभोळ आणि दाभोळहून आगबोट. हे आम्हाला माहीत होतं, पण ‘आजी बोटीने मुंबईला गेली’ एवढं एका ओळीचं. त्या पायरीवर तिने बाकीचं सांगितलं. एक पत्र्याची ट्रंक, तांदळाची गोणी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. बोट येईना. ऊन वाढलं. तेव्हा तिथल्याच एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने त्यांना आवारात सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि आजीला म्हणाली, पोरी, बोटीत पाण्याकडे बघू नकोस, डोंगराकडे बघ, मग उलटी होत नाही. आजी म्हणाली, “मी डोंगराकडं बघितलं. न्हाय झाली उलटी.”

तोवर बाबा आणि काका आले. काका म्हणाला, “आई, काहीतरीच काय. मशिदीत कशाला बसाल तुम्ही? देऊळ असेल दुसरं कुठलंतरी.” बाबांनी त्याला दुजोरा दिला. “सत्तर वर्षांपूर्वीचं आहे आई, गोंधळ होतो.” आजीने एकदा घुमटाकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मग म्हणाली, “असेल बाबा.” चपला घालून गाडीत येऊन बसली.

मी काही बोलले नाही. फेरी लागली होती आणि मागून हॉर्न वाजत होते. हा लेख त्या न बोलण्याची भरपाई आहे असं समजा.

माझा काका वाईट माणूस नाही. आम्हा पोरांना त्याने रायगड दाखवला, सिंधुदुर्ग दाखवला, प्रतापगडावर खांद्यावर बसवून नेलं. कुठल्या बुरुजावर काय घडलं हे तो तारखेसकट सांगतो. त्याच काकाला दाभोळमध्ये सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही. वरून, जिने ते बंदर स्वतः पाहिलं होतं, त्या माणसाची आठवण त्याने दुरुस्त केली. हे एकट्या काकाचं नाही. आपल्याला इतिहास म्हणून जे दिलं गेलं, त्यात किल्ला आहे आणि बंदर नाही. किल्ला बघायला आपण चढून जातो. बंदरावर आपण फेरी पकडायला जातो.

असं का झालं? मला वाटतं, किल्ल्याला आपण एकच प्रश्न विचारतो, कोण जिंकलं? त्याचं उत्तर छातीवर टी-शर्टासारखं घालता येतं. बंदराला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. कोण आलं, काय घेऊन आलं, कोणाकडे उतरलं, काय घेऊन गेलं? याच्या उत्तरात फक्त आपणच नसतो. त्यात अरब असतो, हबशी असतो, विजापूरची राजघराण्यातली बाई असते, पोर्तुगीज असतो, भंडारी, खारवी, दालदी, कोकणी मुसलमान सगळे असतात. हे उत्तर छातीवर घालता येत नाही, म्हणून आपण प्रश्नच सोडून दिला.

आता कोणीतरी म्हणेल, ‘झालं, आता महाराजांचे किल्लेही हिला खुपायला लागले.’ उलट. किल्ल्यांवर खरं प्रेम असेल, तर तुम्हाला बंदरावर यावंच लागेल. प्रतापगडाची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे, पण ती गोष्ट गडावर संपत नाही. नोव्हेंबर 1659 मध्ये अफझलखान मारला गेला आणि थोड्याच आठवड्यांत मराठी फौजा दाभोळपर्यंत पोहोचल्या. खानाची जहाजं तेव्हा या बंदरात होती. ती राजापूरकडे निसटली आणि तिथल्या वखारीतले इंग्रजही त्या प्रकरणात ओढले गेले. म्हणजे ज्याला आपण फक्त वाघनखं आणि चिलखतातून ओळखतो, तो खान जहाजांचा मालकही होता. हा अर्धा भाग कुठल्याही पोवाड्यानंतर, कुठल्याही सहलीत मला कोणी सांगितला नाही.

पुढे बघा. 1664 साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. 1665 साली महाराज स्वतः जहाजात बसून बसरूरच्या मोहिमेवर गेले. 1671 साली त्यांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहिलं, ते मिठाबद्दल. गोव्याकडच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं, मग व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मिठागरांचं नुकसान होईल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. मिठाच्या भावाची काळजी करणारा हा राजा मला तलवारवाल्या राजापेक्षा लहान वाटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर सावकार आणि व्यापारी ही राज्याची शोभा मानली आहे. त्यांना मानाने बोलवा, वसवा, त्यांना उपद्रव होऊ देऊ नका, असं बजावलंय. आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं परस्पर तोडू नका, हेही त्याच ग्रंथात आहे. थोडक्यात, ज्यांच्या नावाने आपण फक्त गड चढतो, त्या लोकांना बंदर कळत होतं. आपल्याला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘बंदर म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने राहायचे, असं गोड चित्र रंगवू नका.’ बरोबर आहे. नाही रंगवत. दाभोळला येणारे घोडे हौसेने फिरायला नव्हते, ते युद्धासाठी होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून माणसंही गुलाम म्हणून विकली गेली. आणि डिसेंबर 1508 च्या शेवटच्या दिवसांत फ्रान्सिस्को द आल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने दाभोळ लुटलं, जाळलं, माणसं कापली. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला तो दीवकडे निघाला होता आणि वाटेत हे शहर लागलं. आमची सहल बरोबर त्याच दिवसांत होती, डिसेंबरअखेर. त्या किनाऱ्यावर आम्ही ‘इयर एंड व्हाइब्ज’ असा स्टेटस टाकला. एक शहर जळालं त्याची खूण राहू दे, साधी पाटीही आमच्या नजरेला पडली नाही.

मला गोड चित्र नको, पूर्ण चित्र हवं आहे. त्यात आल्मेदाची आग हवी आणि पाणी देणारी ती म्हातारीही हवी. आपल्याला यातली आगच लक्षात ठेवायला शिकवलं जातं, तीही सोयीची असेल तर. पाण्याची आठवण कोणी काढली, की तिला म्हणायचं, ‘आई, तुझा गोंधळ होतोय.’

जिच्या पायरीवर आजी बसली होती ती मशीद आदिलशाही काळातली. लोक तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात, अंडा मशीदही म्हणतात. एक मोठा घुमट, कोपऱ्यांना मिनार, सगळी घडण विजापुरी. दक्षिण कोकणात अशी वास्तू मुळातच दुर्मीळ. घाटावरचं राज्य आणि समुद्र यांना जोडणारी वाट इथून सुरू व्हायची याची ती दगडी पावती आहे. जहाजातला माल दाभोळला उतरायचा, लहान होड्यांतून वशिष्ठीने वर गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या वेशीपर्यंत यायचा, आणि तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जायचा. माझं स्वतःचं गाव या वाटेवरचा एक थांबा आहे. मला हे चिपळूणच्या शाळेत दहा वर्षं शिकून कळलं नाही. शाळेची सहल दरवर्षी गडावर जायची. गोवळकोटच्या धक्क्यावर ती चालत गेली असती, पण कधी गेली नाही.

हा रोग दाभोळपुरता नाही. पावसाळ्यात तुम्ही नाणेघाटात ‘रिव्हर्स वॉटरफॉल’ बघायला जाता ना? तो मोठा दगडी रांजण, ती लेणी, ते शिलालेख, हे सगळं तिथे आहे कारण जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा व्यापारी मार्ग तिथून उतरायचा. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. आज कल्याण आणि नालासोपारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोकलची गर्दी. दोन हजार वर्षांची बंदरं आपण रेल्वे स्थानकांच्या नावांत पुरली.

आणि दाभोळ? हे नाव नेटवर शोधा, एन्रॉन निघेल. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ नव्वदच्या दशकात जगभर गाजला, 2001 साली बंद पडला, त्यावर पुस्तकं आली. गंमत म्हणजे तो प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. एका गावाचं शतकांचं नाव एका कंपनीने उचललं आणि जाताना बदनामी मागे ठेवून गेली. नावालासुद्धा वाली नसणं म्हणजे काय, ते यावरून समजा.

‘बरं, मग काय? जुनं बंदर गेलं. जग पुढे जातं.’ हा तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. बंदर आपोआप जात नाही. मोठी जहाजं आली, मुंबई वाढली, रस्ते झाले, आगबोटी थांबल्या, हे खरं. पण नदीचंही एक कारण असतं. कोकणातल्या कितीतरी खाड्या डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने उथळ होत गेल्या. हा गाळ इतिहासाच्या पुस्तकातला नाही. 22 जुलै 2021 ला तो आमच्या घरात आला होता. चिपळूण बुडालं त्या रात्री आम्ही माळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर बाबा आणि काका चार दिवस फावड्याने चिखल उपसत होते. त्यानंतर वशिष्ठीतला गाळ काढा म्हणून गावाने उपोषणं केली. ज्या नदीतून एकेकाळी मालाच्या होड्या वर येत होत्या, ती नदी किती भरली आहे, हा प्रश्न बंदराचा आहे आणि आमच्या माळ्याचाही आहे. बंदराचा इतिहास जिवंत असता, तर प्रत्येक पिढीला माहीत असतं की नदीला खोली असते आणि ती राखावी लागते. खाडीतले मच्छीमार कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत. आपण त्यांच्या खाडीवर फेरीतून सेल्फी काढतो आणि पलीकडे जाऊन ‘फ्रेश मासा आहे का’ विचारतो.

यात मी स्वतःला सोडत नाही. मीही तिथे सनसेटचे फोटो काढले आहेत. पण निदान एवढं तरी कबूल करूया, की बंदर विसरणं हा निरागस विसर नाही. त्यातून आपण दोन गोष्टींची सुटका करून घेतो. एक, इथे कोण कोण राहत होतं याचा हिशेब. दोन, नदीचा हिशेब.

आणि गंमत अशी, की विसरायचं म्हटलं तरी जीभ विसरू देत नाही. बंदर हा शब्द फारसी. जकात, मोसम, खलाशी अरबीतून आलेले. पाव, बटाटा, काजू, चावी हे पोर्तुगीजांबरोबर उतरलेले. काकाचा महिन्याचा पगार हाही पोर्तुगीज शब्दच. ‘मशिदीत कशाला बसाल तुम्ही?’ यातला मशीद शब्दही आपण शेकडो वर्षं आपलाच म्हणून बोलतो. तुमच्या माझ्या मराठीच्या अंगावर बंदराचं मीठ आहे. ते खरवडून काढलंत, तर वडापावातला वडा आणि पाव दोन्ही गेले.

मग करायचं काय? मोठ्या मागण्या मलाही करता येतात. सरकारने प्रत्येक जुन्या बंदरावर नीट मराठीत, खरी माहिती देणारे फलक लावावेत. शाळांच्या सहलींत एक गड तर एक बंदर असावं. जुन्या वास्तूंची डागडुजी त्या कोणाच्या आहेत हे न बघता व्हावी. हे सगळं मागत राहूच. पण हा लेख तुम्ही फोनवर वाचताय आणि पुढच्या रविवारी कदाचित तुमच्याही घरची गाडी कुठल्यातरी खाडीकडे निघेल. दाभोळ असेल, राजापूर असेल, चौल-रेवदंडा असेल, बाणकोट असेल. तेव्हा थाळीआधी अर्धा तास धक्क्यावर थांबा. तिथे बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा. इथून काय जायचं? इथे काय यायचं? आणि ते कधी थांबलं? गूगलवर नसलेलं बरंच काही हाती लागेल. ‘येताना बघू’ म्हणू नका. येताना नेहमी अंधार झालेला असतो.

आणि गाडीत तुमची आजी असेल, तर आधी तिला विचारा.

मी आता विचारते. दर रविवारी फोनवर. सुरुवातीला ती म्हणायची, “सोड, माझा गोंधळ झाला असेल.” तिला तिच्याच आठवणीबद्दल संशय आला होता, आणि तो आम्ही घातला होता. तीन-चार रविवार गेले. मग एकदा ती आपणहून म्हणाली, त्या बाईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि पाण्याचं भांडं पितळेचं होतं, घासून घासून पिवळंधमक. मी म्हटलं, “आजी, हे मी लिहू का?” ती म्हणाली, “लिव. पण काकाला नको दाखवू, त्याला वाईट वाटंल.”

काका, हा लेख तुला फॅमिली ग्रुपवर पाठवतेय. वाईट वाटलं तर फोन कर. पुढच्या वेळी गाडी मी चालवणार आहे, आणि फेरीतून उतरल्यावर पहिल्यांदा तिथेच थांबणार आहे.